गुणसूत्रांची देवाणघेवाण : अर्धगुणसूत्री विभाजनातील क्रॉसिंग ओव्हर

माणसाच्या शरीरातील बहुतेक पेशींत गुणसूत्रांच्या २३ जोड्या असतात. प्रत्येक जोडीतील एक गुणसूत्र आईकडून आलेले असते, दुसरे वडिलांकडून. एकाच केंद्रकात आयुष्य काढूनही या दोघांचा एरवी एकमेकांशी फारसा संबंध येत नाही. तो येतो अंडपेशी किंवा शुक्रपेशी तयार होताना. त्या वेळी जोडीदार एकमेकांना हुडकून काढतात, टोकापासून टोकापर्यंत बिलगतात, काही ठिकाणी तुटतात आणि एकमेकांचा तुकडा घेऊन पुन्हा सांधले जातात. म्हणून आईकडून मुलाला मिळणारे गुणसूत्र सहसा जसेच्या तसे आजीचे नसते आणि आजोबांचेही नसते; दोघांच्या तुकड्यांची ती गोधडी असते. या देवाणघेवाणीला जनुकीय विनिमय किंवा क्रॉसिंग ओव्हर म्हणतात.

विनिमयामुळे संततीत वैविध्य येते, हे शाळेतच शिकवले जाते. ते खरे आहे, पण अर्धेच. वैविध्याचा उपयोग पुढच्या पिढ्यांना होतो. विभाजनाच्या वेळी पेशीपुढचा प्रश्न मात्र साधा आणि तातडीचा असतो : जोडीतली दोन गुणसूत्रे विरुद्ध दिशांना नेमकी एकेक कशी पाठवायची? बहुतेक सजीवांत या प्रश्नाचे उत्तर विनिमयाच्या जागी पडणारी गाठ हेच आहे. ही गाठ कशी शोधली गेली, ती कशी पडते, कुठे पडते आणि न पडल्यास काय होते, हा या आढाव्याचा विषय आहे.

विभाजनाचा हिशेब

शरीराच्या वाढीसाठी होणाऱ्या सूत्री विभाजनात हिशेब सरळ असतो. प्रत्येक गुणसूत्राची एक प्रत तयार होते आणि एकेक प्रत प्रत्येक कन्यापेशीत जाते. ४६ गुणसूत्रांच्या पेशीपासून ४६ गुणसूत्रांच्याच दोन पेशी होतात. युग्मकांना हा हिशेब चालत नाही. अंडपेशीत ४६ आणि शुक्रपेशीत ४६ राहिली, तर दर पिढीला संख्या दुप्पट होत जाईल. ती निम्मी करणारे विभाजन असलेच पाहिजे, असे जर्मन जीवशास्त्रज्ञ ऑगस्ट वाइझमान यांनी १८८७ मध्ये तर्काने मांडले. हेच अर्धगुणसूत्री विभाजन.

यात डीएनएची प्रत एकदाच काढली जाते, पण विभाजने लागोपाठ दोन होतात. प्रत काढल्यावर प्रत्येक गुणसूत्र दोन जुळ्या अर्धगुणसूत्रांचे बनते. ही अर्धगुणसूत्रे गुणसूत्रबिंदूपाशी व लांबीभर एकमेकांना चिकटलेली असतात. पहिल्या विभाजनात समजात गुणसूत्रांच्या जोड्या फुटतात, म्हणजे आईकडचे एका बाजूला आणि वडिलांकडचे दुसऱ्या बाजूला जाते. दुसऱ्या विभाजनात जुळी अर्धगुणसूत्रे वेगळी होतात. शेवटी एका पेशीच्या चार पेशी होतात आणि प्रत्येकीत २३ गुणसूत्रे असतात. दुसरे विभाजन बरेचसे सूत्री विभाजनासारखेच असते. नवलाईचे जे काही आहे ते पहिल्या विभाजनात, आणि त्यातही त्याच्या लांबलचक पूर्वावस्थेत घडते.

कांद्याच्या कळीत दिसणारी फुली

ही पूर्वावस्था पाहण्यासाठी महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत बऱ्याचदा कांद्याच्या कळ्या वापरतात. बियाण्यासाठी राखलेल्या कांद्याला डेंगळा येतो आणि त्याच्या टोकाशी फुलांचा गोंडा धरतो. गोंड्यातील अगदी लहान, न उमललेल्या कळ्या तीन भाग अल्कोहोल आणि एक भाग अॅसिटिक आम्ल यांच्या मिश्रणात मुरवतात. मग त्यातील परागकोश काचपट्टीवर काढून अॅसिटोकार्मिनच्या थेंबात कुस्करतात, पट्टी जराशी गरम करतात आणि वरून पातळ काच दाबतात. कळीचे वय बरोबर साधले तर सूक्ष्मदर्शकाखाली फिकट पेशींमध्ये लालसर गुणसूत्रे दिसतात. कांद्यात ती १६ असतात, म्हणजे ८ जोड्या.

पूर्वावस्थेचे पाच टप्पे मानतात आणि त्यांची नावे ग्रीक शब्दांवरून पडली आहेत. लेप्टोटीनमध्ये गुणसूत्रे बारीक धाग्यांसारखी असतात. झायगोटीनमध्ये समजात धागे जवळ येऊन जुळू लागतात. या नावातील ‘झायगॉन’ म्हणजे बैलांच्या मानेवरचे जू, आणि संस्कृत ‘युग’ व मराठी ‘जू’ हे त्याच शब्दाचे भाऊबंद आहेत. पॅकिटीनमध्ये जोड्या पूर्ण जुळून जाड होतात. विनिमय याच टप्प्यात पुरा होतो. डिप्लोटीनमध्ये जोडीदार एकमेकांपासून दूर सरकू लागतात, पण काही ठिकाणी अडकून राहतात. डायाकायनेसिसमध्ये हे सगळे आखूड, घट्ट आणि ठळक होते.

अडकलेल्या या जागांचा आकार इंग्रजी एक्ससारखा, म्हणजे आपल्या फुलीसारखा दिसतो. ग्रीक अक्षर ‘काय’ याच आकाराचे, म्हणून त्यांना कायाझ्मा हे नाव मिळाले. जोडीत एक फुली असेल तर आकृती क्रॉससारखी दिसते. दोन टोकांना दोन फुल्या असतील तर कडे तयार होते. बेल्जियममधील लूवां येथील फ्रान्स अल्फोन्स यान्सेन्स हे सॅलमँडरच्या वृषणातील पेशींचा अभ्यास करीत होते. फुलीच्या जागी समजात गुणसूत्रांची अर्धगुणसूत्रे तुटून एकमेकांशी जोडली गेली असावीत, असे त्यांनी १९०९ मध्ये सुचवले. सूक्ष्मदर्शकाखाली आकृती दिसत होती, पण तिथे खरोखर काय घडून गेले ते दिसत नव्हते. त्याचा पुरावा वेगळ्याच दिशेने आला.

माश्यांच्या खोलीतील नकाशा

मेंडेल यांच्या नियमानुसार दोन वेगवेगळी लक्षणे स्वतंत्रपणे वाटली जातात. इंग्लंडमध्ये विल्यम बेटसन, एडिथ सॉन्डर्स आणि रेजिनल्ड पनेट यांनी स्वीट पी या शोभेच्या वेलीवर हा नियम तपासला. जांभळे फूल व लांबट परागकण असलेल्या झाडाचा संकर तांबड्या फुलाच्या व गोल परागकणाच्या झाडाशी केला. दुसऱ्या पिढीतील ३८१ झाडांत ९ : ३ : ३ : १ या प्रमाणाने साधारण २१४, ७१, ७१ आणि २४ अशी संख्या यायला हवी होती. प्रत्यक्षात आली २८४, २१, २१ आणि ५५. आजी-आजोबांच्या झाडांतील लक्षणांच्या जोड्या एकत्रच राहू पाहत होत्या, पण पूर्णपणे नाही. थोडी झाडे तरी नव्या जोड्या घेऊन आलीच होती. एकत्र राहण्याच्या या कलाला सहलग्नता म्हणतात. ती पूर्ण का नाही, याचा उलगडा मात्र या तिघांना झाला नाही.

तो झाला न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात. थॉमस हंट मॉर्गन आणि त्यांचे विद्यार्थी तिथल्या एका लहानशा खोलीत दुधाच्या बाटल्यांमध्ये फळमाश्या वाढवत होते. १९१० मध्ये त्यांना पांढऱ्या डोळ्यांचा एक नर सापडला. लवकरच एकाच एक्स गुणसूत्रावर बसणारी अनेक लक्षणे मिळाली, आणि तीही अर्धवटच एकत्र राहत होती. मॉर्गन यांनी यान्सेन्सच्या फुलीशी याचा सांधा जुळवला : जनुके गुणसूत्रावर एका रांगेत बसलेली असतील, आणि जोडीदारांत तुकड्यांची अदलाबदल होत असेल, तर जवळची जनुके क्वचितच विलग होतील आणि लांबची वारंवार.

१९११ मध्ये मॉर्गन यांच्याशी बोलताना आल्फ्रेड स्टर्टेव्हंट या पदवीच्या विद्यार्थ्याच्या लक्षात आले की, मग विलग होण्याचे प्रमाण हेच अंतराचे माप मानता येईल. पदवीचा अभ्यास बाजूला ठेवून त्याने रात्रभर आकडे मांडले, आणि सकाळपर्यंत जगातला पहिला जनुकीय नकाशा तयार झाला. तो १९१३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील आकडे पाहण्यासारखे आहेत. पिवळे शरीर आणि पांढरा डोळा ही लक्षणे १ टक्का माश्यांत विलग झाली, पांढरा डोळा आणि शेंदरी डोळा २९.७ टक्के माश्यांत, तर पिवळे शरीर आणि शेंदरी डोळा ३२.२ टक्के माश्यांत. टोकाटोकांतले अंतर जवळपास मधल्या दोन अंतरांच्या बेरजेइतके आले, म्हणून जनुके रांगेतच असली पाहिजेत.

लांबच्या जनुकांबाबत मात्र बेरीज चुकत होती. पांढरा डोळा आणि खुरटे पंख यांचे अंतर लहान अंतरे जोडून ५६ पेक्षा जास्त येत होते; थेट मोजणीत ते ४५.२ टक्केच भरले. कारण उघड होते. दोन जनुकांमध्ये दोनदा अदलाबदल झाली, तर टोकाची जनुके पुन्हा पूर्वीच्याच जोडीत येतात आणि दोन्ही विनिमय मोजणीतून निसटतात. या निसटलेल्या विनिमयांचा हिशेब करणारे गणिती सूत्र जे. बी. एस. हॉल्डेन यांनी १९१९ मध्ये दिले, आणि अंतराच्या एककाला मॉर्गन यांच्या नावावरून सेंटीमॉर्गन म्हणण्याची सुरुवातही त्यांचीच. हेच हॉल्डेन १९५७ मध्ये भारतात येऊन स्थायिक झाले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वर येथे वारले. ज्युलिया बेल यांच्यासह त्यांनी १९३७ मध्ये हिमोफिलिया आणि रंगांधत्व यांची जनुके एकाच गुणसूत्रावर जवळजवळ असल्याचे कुटुंबांच्या वंशावळींवरून दाखवले होते.

मक्याच्या दाण्यातील पुरावा

नकाशे उत्तम जुळत होते, तरी गुणसूत्राचा तुकडा प्रत्यक्ष बदलला जातो हे कोणी पाहिले नव्हते. अडचण अशी की, समजात गुणसूत्रे सूक्ष्मदर्शकाखाली हुबेहूब सारखी दिसतात; त्यांच्या तुकड्यांची अदलाबदल झाली तरी ओळखायची कशी? कॉर्नेल विद्यापीठात हॅरिएट क्रेटन आणि बार्बरा मॅक्लिंटॉक यांनी दोन्ही टोकांना खूण असलेले मक्याचे नववे गुणसूत्र निवडले. त्याच्या एका टोकाला गडद गाठ होती आणि दुसऱ्या टोकाला आठव्या गुणसूत्राचा तुकडा चिकटलेला होता. जोडीदारावर यातले काहीच नव्हते. त्याच गुणसूत्रावर दाण्याचा रंग ठरवणारे एक जनुक आणि दाण्यातील पीठ मेणचट की साधे हे ठरवणारे दुसरे जनुक होते. ज्या दाण्यांत या लक्षणांची नवी जोडी आली, त्यांच्या रोपांत गुणसूत्राच्या खुणांचीही नवी जोडी दिसली : गाठ आहे पण तुकडा नाही, किंवा तुकडा आहे पण गाठ नाही. हा निबंध १९३१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी जर्मनीत कुर्ट स्टर्न यांनी फळमाशीत हेच दाखवले.

अदलाबदल केव्हा होते, हाही प्रश्न होता. प्रत निघण्यापूर्वी झाली, तर चारही युग्मकांत बदललेलेच गुणसूत्र यायला हवे. नंतर झाली, तर चार पदरांपैकी, म्हणजे चार अर्धगुणसूत्रांपैकी, दोनच बदलतील. याचे देखणे उत्तर न्यूरोस्पोरा या बुरशीने दिले. तिच्या एका पेशीच्या विभाजनातून निघालेले बीजाणू शेंगेतल्या वाटाण्यांसारखे एका निमुळत्या पिशवीत ओळीने राहतात. चार पेशी पुन्हा एकदा विभागल्याने त्यांची संख्या आठ होते. पिशवी उघडून एकेक बीजाणू क्रमाने वाढवला की एका विभाजनाचा पूर्ण जमाखर्च हाती येतो. एका विनिमयानंतर निम्मे बीजाणू जुन्या जोडीचे आणि निम्मे नव्या जोडीचे निघाले. म्हणजे अदलाबदल प्रत निघाल्यावर, चार पदरांच्या अवस्थेत होते आणि त्यात दोनच पदर भाग घेतात.

याच बुरशीत एक विसंगतीही सापडली. एखाद्या जनुकाची दोन रूपे ४ : ४ अशी वाटली जायला हवीत, पण काही पिशव्यांत ती ६ : २ अशी आली. १९५५ मध्ये मेरी मिशेल यांनी दाखवले की हा मोजणीतला गोंधळ नव्हता. एका रूपाचा थोडासा भाग खरोखरच दुसऱ्या रूपात बदलला होता. याला जनुक रूपांतरण म्हणतात. विनिमय म्हणजे कात्रीने कापून चिकटवणे असते, तर असे झाले नसते. विनिमयात कुठेतरी डीएनएची नक्कलही होत असली पाहिजे.

तुटणे आणि सांधणे

१९६४ मध्ये रॉबिन हॉलिडे यांनी दोन डीएनए रेणूंचे पेड एकमेकांत ओवले जाऊन चौफुलीसारखा सांधा तयार होतो, असे प्रारूप मांडले. हा ‘हॉलिडे सांधा’ आजही टिकून आहे, पण सुरुवात कशी होते याची कल्पना बदलली. १९८३ मध्ये जॅक शोस्टाक, टेरी ऑर-वीव्हर, रॉडनी रॉथस्टीन आणि फ्रँकलिन स्टाल यांनी असे मांडले की, सुरुवात डीएनएचे दोन्ही पेड तुटण्यापासून होते. पेशीसाठी दुहेरी तूट ही सर्वांत धोकादायक इजांपैकी एक. ती पेशी मुद्दाम करून घेत असेल हे पटायला कठीण होते. पण यीस्टमध्ये अशा तुटी प्रत्यक्ष सापडल्या, आणि १९९७ मध्ये त्या करणारे प्रथिनही ओळखले गेले. त्याचे नाव स्पो-११.

आज माहीत असलेला क्रम असा. स्पो-११ चे दोन रेणू डीएनएच्या दोन पेडांना पकडून छेद देतात आणि तुटलेल्या टोकांना चिकटून बसतात. दुसरी प्रथिने ती टोके स्पो-११ सकट छाटून टाकतात आणि प्रत्येक बाजूचा एक पेड कुरतडतात. त्यामुळे दोन्ही बाजूंना एकपेडी शेपट्या मोकळ्या राहतात. या शेपट्यांवर रॅड-५१ आणि डीएमसी-१ ही प्रथिने माळेसारखी चढतात. अशी मढवलेली शेपटी केंद्रकातील डीएनए चाचपत आपल्याशी जुळणारा क्रम शोधते. सापडला की त्या दुपेडी रेणूचा पीळ उकलून ती आत शिरते आणि त्याच्यावरून आपली हरवलेली अक्षरे नक्कल करून घेते. जनुक रूपांतरणाचे मूळ या नकलेत आहे.

इथे पेशी एक नेहमीची सवय मोडते. एरवी डीएनए तुटला तर दुरुस्तीसाठी शेजारची जुळी प्रत वापरली जाते. ती जवळ असते आणि तंतोतंत सारखीही असते. अर्धगुणसूत्री विभाजनात मात्र गुणसूत्राच्या कण्यातील प्रथिने जुळ्या प्रतीकडे जाणारी वाट अवघड करतात, त्यामुळे शेपटी समजात जोडीदाराकडे वळते. दुरुस्ती हा हेतू असता तर हे विचित्र ठरले असते. जोडीदाराशी गाठ बांधणे हा हेतू असल्यामुळे ते सयुक्तिक ठरते.

पुढे दोन वाटा फुटतात. बहुतेक वेळा आत शिरलेली शेपटी नक्कल करून परत फिरते आणि आपल्याच दुसऱ्या टोकाशी जुळते. तिथे थोडेसे रूपांतरण उरते, अदलाबदल होत नाही. थोड्या ठिकाणी मात्र दुसरे टोकही गुंतते, दोन हॉलिडे सांधे तयार होतात, आणि ते कापले जाताना एका गुणसूत्राचा डावा भाग दुसऱ्याच्या उजव्या भागाशी जोडला जातो. हाच क्रॉसओव्हर. एमएसएच-४ आणि एमएसएच-५ ही प्रथिने सांधे टिकवतात, एमएलएच-१ आणि एमएलएच-३ ते एका ठरावीक पद्धतीने कापतात. उंदराच्या एका पेशीत दोनशेहून अधिक तुटी होतात, पण क्रॉसओव्हर पंचविसाच्या आसपासच होतात. बाकीच्या तुटी वाया जात नाहीत. अनेक प्राण्यांत आणि वनस्पतींत जोडीदार ओळखायला आणि जवळ यायला त्यांचाच उपयोग होतो.

हे चालू असताना जोडीदारांच्या मध्ये एक प्रथिनांची शिडी उभी राहते. तिला सिनॅप्टोनीमल कॉम्प्लेक्स म्हणतात. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ती १९५६ मध्ये प्रथम दिसली : क्रेफिशमध्ये मॉन्ट्रोझ मोझेस यांना आणि पृष्ठवंशी प्राण्यांत डॉन फॉसेट यांना. तिची रुंदी सुमारे १०० नॅनोमीटर असते आणि ती दोन्ही गुणसूत्रांना चेनसारखी लांबीभर जोडते. डिप्लोटीनमध्ये चेन उघडते, आणि फक्त क्रॉसओव्हर झालेल्या ठिकाणी जोडीदार अडकून राहतात. सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारी फुली ती हीच.

कुठे आणि किती

क्रॉसओव्हर गुणसूत्रावर कुठेही, कितीही होत नाहीत. माणसात ते साधारण एक-दोन हजार बेस-जोड्यांच्या अरुंद पट्ट्यांत एकवटतात. त्यांना हॉटस्पॉट म्हणतात आणि असे हजारो पट्टे माहीत आहेत. या जागा कोण निवडतो, याचे उत्तर २०१० मध्ये तीन गटांनी एकाच वेळी दिले : पीआरडीएम-९ हे प्रथिन. ते आपल्या बोटांसारख्या भागांनी डीएनएमधील ठरावीक अक्षरक्रम ओळखते आणि आजूबाजूच्या हिस्टोन प्रथिनांवर रासायनिक खूण करते. त्या खुणेपाशी स्पो-११ छेद देते.

यात एक पेच दडलेला आहे. जे गुणसूत्र तुटते ते जोडीदारावरून नक्कल करून घेते. म्हणून ज्या क्रमामुळे ते तुटले तो क्रमच पुसला जाऊन जोडीदाराचा न तुटणारा क्रम त्या जागी येतो. हॉटस्पॉट असे स्वतःलाच झिजवत जातात. झीज भरून निघते ती पीआरडीएम-९ च्या बदलत्या बोटांमुळे. हे जनुक फार वेगाने बदलते आणि नवे रूप नव्या जागा निवडते. माणूस आणि चिंपांझी यांचा डीएनए इतका सारखा असूनही त्यांचे हॉटस्पॉट जवळजवळ पूर्णपणे वेगळे आहेत, याचे कारण हेच. कुत्र्यांत हे जनुक निकामी झालेले आहे, पक्ष्यांत ते नाहीच. तिथे विनिमय जनुकांच्या सुरुवातीच्या भागांजवळ होतात आणि त्या जागा दीर्घकाळ टिकतात.

संख्येवर दोन बंधने असतात. पहिले असे की, प्रत्येक जोडीला निदान एक क्रॉसओव्हर मिळालाच पाहिजे. पुरुषाच्या एक्स आणि वाय गुणसूत्रांत हे बंधन फार अडचणीचे ठरते, कारण ती मुख्यतः टोकाकडील सुमारे २७ लाख बेस-जोड्यांच्या पट्ट्यापुरतीच एकमेकांसारखी आहेत. तरीही जवळजवळ प्रत्येक पेशीत त्या तोकड्या पट्ट्यातच क्रॉसओव्हर साधला जातो. दुसरे बंधन म्हणजे हस्तक्षेप : एका क्रॉसओव्हरच्या जवळ दुसरा सहसा होत नाही. मॉर्गन यांचे विद्यार्थी हर्मन म्युलर यांनी १९१६ मध्ये याला नाव दिले. त्याची यंत्रणा मात्र शतकभर कोडे राहिली. अरॅबिडॉप्सिस या लहान रोपावरील २०२१ मधील संशोधनातून पुढे आलेले स्पष्टीकरण असे की, एचईआय-१० हे प्रथिन शिडीच्या लांबीवरून सरकत राहते. सुरुवातीला त्याचे अनेक बारीक ठिपके असतात. पावसात तारेवर ओघळणारे थेंब एकमेकांत मिसळून थोडेच पण मोठे थेंब उरावेत, तसे शेवटी मोजकेच, एकमेकांपासून लांब असलेले मोठे ठिपके राहतात आणि तिथेच क्रॉसओव्हर पक्का होतो.

माणसात पुरुषाच्या एका पेशीत साधारण ५० क्रॉसओव्हर होतात. प्रत्येकात चारपैकी दोनच पदर गुंतत असल्याने एका शुक्रपेशीच्या वाट्याला सरासरी २५ च्या आसपास येतात. स्त्रियांत हे प्रमाण दीडपटीहून अधिक असते. काही प्राण्यांत एका लिंगात विनिमय होतच नाही. फळमाशीच्या नरात तो नसतो, रेशीमकिड्याच्या मादीत नसतो. अशा वेळी गाठीची सोय वेगळ्या मार्गाने होते : रेशीमकिड्याच्या मादीत दोन गुणसूत्रांमधली शिडी मोडतच नाही, तिचे रूप बदलते आणि ती जोडीला पूर्वावस्थेनंतरच्या मध्यावस्थेपर्यंत धरून ठेवते.

गाठ न पडल्यास

मध्यावस्थेत दोन्ही बाजूंनी तर्कुतंतू गुणसूत्रबिंदूंना ओढतात. जोडी बरोबर लागली आहे की नाही, हे पेशीला त्या ओढीतल्या ताणावरून कळते. ताण येण्यासाठी मध्ये काहीतरी अडकलेले हवे. फुलीच्या जागी दोन गुणसूत्रे गुंतलेली असतात, आणि फुलीच्या पलीकडे जुळ्या अर्धगुणसूत्रांना चिकटवणारे कोहेसिन हे प्रथिन ती गुंतवण सुटू देत नाही. म्हणजे फुली आणि कोहेसिन दोन्ही असतील तरच गाठ घट्ट राहते. वेळ झाली की भुजांवरील कोहेसिन कापले जाते आणि जोडीदार दोन दिशांना जातात. गुणसूत्रबिंदूजवळचे कोहेसिन मात्र दुसऱ्या विभाजनापर्यंत राखावे लागते. ते राखणाऱ्या प्रथिनाला जपानी संशोधकांनी शुगोशिन, म्हणजे रक्षक देवता, असे नाव दिले. कोकणातल्या गावांच्या राखणदाराशी त्याचे काम जुळते.

स्त्रियांत या गाठीची फार मोठी परीक्षा होते. मुलगी आईच्या पोटात असतानाच तिच्या अंडपेशींचे अर्धगुणसूत्री विभाजन सुरू होते, विनिमय पुरा होतो आणि विभाजन तिथेच थांबते. ते पुढे सरकते ते त्या अंडपेशीच्या पाळीला, म्हणजे १२ वर्षांनी किंवा ४५ वर्षांनीसुद्धा. तोवर जोडीदारांना धरून ठेवणारे कोहेसिन तेच जुने असते; उंदरांवरील प्रयोगांत ते या काळात नव्याने भरले जात नसल्याचे दिसले आहे. वय वाढते तशी गाठ सैल पडत जाते आणि गुणसूत्रे चुकीच्या दिशेने जाण्याची शक्यता वाढते. डाउन सिंड्रोममध्ये २१ व्या गुणसूत्राची एक प्रत जास्त असते. बहुतांश वेळा ती आईकडून आलेली असते, आणि चूक बव्हंशी पहिल्या विभाजनात झालेली असते. अशा अनेक प्रकरणांत २१ व्या जोडीत क्रॉसओव्हर झालेलाच नसतो, किंवा झाला असला तर गुणसूत्राच्या अगदी टोकाशी किंवा गुणसूत्रबिंदूच्या फार जवळ, जिथे त्याचा धरून ठेवायला उपयोग कमी.

चूक दुसऱ्या प्रकारेही होते. शेजारी शेजारी दोन सारखी जनुके असली, तर जोडीदार एक घर सरकून जुळू शकतात. मग विनिमयानंतर एका गुणसूत्रावर तीन जनुके येतात आणि दुसऱ्यावर एक. लाल-हिरवे रंगांधत्व बऱ्याचदा एक्स गुणसूत्रावरील रंगसंवेदी जनुकांच्या अशा विषम विनिमयातून येते, आणि अल्फा थॅलसेमियातील काही नेहमी आढळणारे दोषही. मात्र याच चुकीतून जनुकाची जादा प्रत मिळते आणि तिला पुढे नवे काम लागू शकते. माणसाला तीन मूलभूत रंगांची दृष्टी देणाऱ्या जनुकांपैकी दोन अशा दुपटीतूनच उगम पावली आहेत.

वैविध्य आणि शेती

विनिमय नसता तरी वैविध्य पूर्ण थांबले नसते. २३ जोड्यांतून एकेक गुणसूत्र निवडण्याचे २ चा २३ वा घात, म्हणजे ८३ लाखांहून अधिक प्रकार होतात. विनिमय आणखी एक गोष्ट करतो : एकाच गुणसूत्रावरील जनुकांना तो एकमेकांच्या नशिबातून सोडवतो. विनिमय नसेल, तर चांगले जनुक शेजारच्या वाईट जनुकासह निवडले जाते किंवा त्याच्यासह नष्ट होते, आणि घातक उत्परिवर्तने साचत जातात. वाय गुणसूत्राच्या बहुतांश भागावर विनिमय होत नाही, आणि त्याने आपली पूर्वीची बहुतेक जनुके गमावली आहेत.

पीक पैदाशीत ही अडचण रोजची आहे. रानटी नातलगाकडून रोगप्रतिकाराचे जनुक घेताना त्याच्या आजूबाजूची नको असलेली जनुकेही येतात. ती गळायला दोन्ही बाजूंना अगदी जवळ क्रॉसओव्हर व्हावे लागतात, म्हणून पिढ्यान्‌पिढ्या संकर करावे लागतात. गव्हासारख्या पिकांत क्रॉसओव्हर गुणसूत्रांच्या टोकांकडे एकवटलेले असतात, त्यामुळे मधल्या विस्तीर्ण भागातील जनुके जणू कुलूपबंदच राहतात. शिवाय ४२ गुणसूत्रांच्या गव्हात तीन वेगवेगळ्या पूर्वजांचे संच आहेत. खऱ्या जोडीदाराऐवजी चुलतभावाशी जुळणी होऊ नये म्हणून पीएच-१ हा जनुकीय भाग पहारा देतो. त्याचा शोध १९५८ मध्ये लागला. तो काढून टाकला की रानटी गवताच्या गुणसूत्राशी विनिमय घडवता येतो. क्रॉसओव्हरला आवर घालणारी प्रथिनेही सापडली आहेत. अरॅबिडॉप्सिसमध्ये त्यांतील एफएएनसीएम निकामी केल्यावर क्रॉसओव्हर सुमारे तिप्पट झाल्याचे २०१२ मध्ये दिसले.

कधी हवे असते ते याच्या उलट. संकरित बियाणे दरवर्षी नव्याने घ्यावे लागते, कारण पुढच्या पिढीत विनिमय आणि वाटणी त्याचा जोम विस्कटून टाकतात. बियांतून हुबेहूब प्रत मिळवायची, तर केवळ स्पो-११ बंद करून भागत नाही. गाठ गेली की गुणसूत्रे वाटेल तशी पांगतात आणि परागकण व अंडपेशी निकामी होतात. म्हणून २००९ मध्ये फ्रान्समधील संशोधकांनी अरॅबिडॉप्सिसमध्ये तीन बदल एकत्र केले : स्पो-११ बंद केले, जुळी अर्धगुणसूत्रे पहिल्याच विभाजनात सुटतील अशी व्यवस्था केली आणि दुसरे विभाजन वगळले. अर्धगुणसूत्री विभाजनाचे असे सूत्री विभाजन झाले, तेव्हा कुठे युग्मके जगली. अशा रोपांतून बियांद्वारे प्रत मिळवण्यात २०११ मध्ये यश आले. त्या कामात हैदराबादच्या सीसीएमबी या संस्थेचा सहभाग होता. २०१९ मध्ये भातातही हे साधले. विनिमय तेवढा काढून टाकून बाकीचे विभाजन तसेच ठेवता येत नाही. तो काढायचा, तर पहिल्या विभाजनाची रीतच बदलावी लागते.